काकाजी, ती टेस्ट आली तरी तुम्हाला झोप लागेल का?

"मॅडम, रक्तातल्या इम्यून सेल्सवरून प्रोस्टेटचा कॅन्सर कळते म्हणे, नागपुरात कुठं होते ती टेस्ट?" साठीच्या आसपासच्या पुरुषांकडून, त्यांच्या मुलांकडून हा प्रश्न सारखा येऊन राहिला आहे, म्हणून आज एकदा नीट लिहिते.

वानखेडे काका म्हणू त्यांना (नाव बदललंय). नागपूरच्या महाल भागात राहणारे, रिटायर. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात तो आकडा, वाढून आला 6.8, फॅमिली डॉक्टरांनी युरॉलॉजिस्टला (लघवीच्या आजारांच्या डॉक्टरांना) दाखवा म्हटलं, आणि काका चार महिने गेलेच नाहीत. माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. हातात जाड फाईल, त्यात वेगवेगळ्या लॅबचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याचे साधे रिपोर्ट, आणि प्रत्येकात लिम्फोसाइटचा (इम्यून सेल्सचाच एक प्रकार) आकडा हिरव्या हायलायटरने रंगवलेला.

"मी जाणार आहे जी डॉक्टरकडे, पण आधी ती इम्यून सेलवाली टेस्ट होऊन जाऊ द्या."

काकांनी वाचलेलं खोटं नव्हतं. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम ट्रेंट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2020 मध्ये असं काम छापलंय. ज्यांना काही त्रास नाही आणि पीएसए 20 च्या खाली आहे अशा पुरुषांच्या रक्तातल्या एनके सेल्स, म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पेशी, त्यांनी मशीनवर तपासल्या आणि त्यांच्या खुणांवरून कॅन्सर आहे की नाही हे कम्प्युटरला ओळखायला शिकवलं. पीएसए वाढला म्हणून बायोप्सी (प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासणं) होते आणि कितीतरी जणांत काहीच निघत नाही, ते टळावं हा हेतू, आणि मला स्वतःला हे संशोधन फार आशेचं वाटतं. पण अभ्यास छोटा होता, रोजच्या तपासण्यांत ती टेस्ट अजून आलेली नाही, आणि साध्या सीबीसीतल्या लिम्फोसाइटवरून तर प्रोस्टेटचं काहीच कळत नाही. हे सांगितल्यावर काकांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी अजून एक सीबीसी घेऊन आले.

माझा अनुभव असा आहे की माहिती देऊन भीती जात नाही. रिपोर्टपेक्षा त्याबद्दल आपण मनाशी जे घोकत असतो तेच जास्त छळतं, त्यामुळे मी ते घोकणं काय आहे तेच शोधते. म्हणून एकदा विचारलं, "समजा काका, उद्या ती टेस्ट धंतोलीत आली, तुम्ही केली, रिपोर्ट चांगला आला. झोप लागेल?"

"लागेल ना."

"नक्की?"

पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "नाही जी. दुसऱ्या लॅबमधून एकदा पाहीन."

"तिथंही चांगला आला तर?"

"तरी... सहा महिन्यांनी पुन्हा वाटेलच."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं हे मी वर्षानुवर्षं कमावलंय, आणि त्या दिवशी ते कामी आलं. काका स्वतःच म्हणाले, "म्हणजे मले टेस्ट नाही, गॅरंटी पाहिजे आहे."

आणि अशी गॅरंटी कुठलीच तपासणी देत नाही. तिची वाट पाहण्यात काकांचे चार महिने गेले होते.

मग खरं आलं. माझ्याकडे न बघता, फाईलकडे बघत बोलले. मोठ्या भावाला हाच कॅन्सर झाला होता, ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहिला नाही, लग्नकार्यात जाणंच सोडलं त्यांनी. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं, पीएसएचंही नाही. पुढच्या वेळी दोघं सोबत आले आणि काकू रडवेल्या होऊन एवढंच म्हणाल्या, "काहून लपवलं जी?"

त्यानंतर दोघंच युरॉलॉजिस्टकडे गेले. पीएसए पुन्हा झाला, एमआरआय, मग बायोप्सी. कॅन्सर निघाला, पण कमी जोखमीचा, ग्लीसन 6 (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा हा आकडा). सध्या ऑपरेशन नाही, ठरलेल्या वेळी तपासण्या करून नुसतं लक्ष ठेवणं आहे. ज्याला काका इतके घाबरत होते तेच निघालं, आणि तरी ते झोपतात, हे मला लिहावंसं वाटतं. ब्रिटनमध्ये ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख अशा तीन गटांत सोळाशेहून जास्त पुरुषांना 15 वर्षं पाहिलं, 2023 मध्ये निकाल आला, तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले 3 टक्क्यांच्या आसपासच होते. हे काकांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि या वेळी ते कानात शिरलं.

तुमचा पीएसए वाढलेला असेल तर लगेच कॅन्सर धरून बसू नका, प्रोस्टेट वाढल्याने, लघवीच्या इन्फेक्शननेही तो चढतो, 4 ते 10 च्या मधे असेल तर साधारण चौघांत एकालाच कॅन्सर निघतो. पीएसएच्या टेस्टच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध आणि लांब सायकलिंग टाळा. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइडची गोळी चालू असेल तर सांगा, तिच्याने आकडा जवळपास निम्मा दिसतो. लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी अडकली तर मात्र एक दिवसही थांबू नका. आणि वडिलांना किंवा सख्ख्या भावाला झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत बोला, कारण त्याने धोका जवळपास दुप्पट होतो, आणि आकडा तोच असला तरी डॉक्टर त्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.