लिमिटिंग रिएजंट चुकतो म्हणून केमिस्ट्री सोडू नकोस

तू लिहिलंस की दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता नागपुरात अकरावी सायन्स, समीकरण बरोबर बॅलन्स होतं तरी लिमिटिंग रिएजंटच्या, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणाऱ्या पदार्थाच्या, गणितात उत्तर चुकतं, आणि केमिस्ट्री सोडावी असं वाटून राहिलं. वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. २००४ मध्ये मी काटोलहून इथे आले तेव्हा माझं अगदी हेच होऊन राहिलं होतं.

आधीच सांगते, मी प्राध्यापक नाही. मानेवाड्याला घरी अकरावी-बारावीची मुलं येतात, त्यांना शिकवते. नीटच्या तयारीचं तुझे सर सांगतील तेच धर. आणि मोल म्हणजे काय, रेणुवस्तुमान कसं काढायचं, हे तुला येतं असं मी गृहीत धरते.

माझी चूक अशी होती. गणितात २८ ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन दिलेला, अमोनिया किती बनेल ते काढायचं. मी सरळ पाहायची, १० ग्रॅम कमी आहे, म्हणजे हायड्रोजन आधी संपणार. पण २८ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे १ मोल, आणि १० ग्रॅम हायड्रोजन म्हणजे ५ मोल. एका नायट्रोजनला तीनच हायड्रोजन लागतात. म्हणून संपतो नायट्रोजन, अमोनिया बनतो ३४ ग्रॅम आणि हायड्रोजन ४ ग्रॅम उरतो. ही एक ओळ चुकत होती आणि मी वर्षभर इंग्रजीला दोष देत बसले. डिक्शनरी मांडीवर घेऊन प्रश्न वाचायची. प्रश्न मला कळतच होता.

वर्ष गेलं ते मात्र क्लासमुळे. नाव घेत नाही. बाबांनी मृग बहाराची संत्री विकून पूर्ण फी आधीच भरली होती. पहिल्या दोन टेस्टमध्ये मार्क कमी पडले की पोरांना शेवटच्या बॅचमध्ये टाकायचे. मी टेस्टचा पेपर घेऊन तीनदा ऑफिसात गेले. तिन्ही वेळा एकच उत्तर, "पोर्शन पुढे गेला, फॉर्म्युला शीट पाठ कर." एकानेही माझी वही उघडली नाही. उघडली असती तर दोन मिनिटांत सापडलं असतं. आजही माझ्याकडे पोरगं आलं की मी आधी वही मागते, मार्क विचारत नाही.

मला ते उमगलं पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत, मामांच्या दुकानात. इतवारीत त्यांचं नटबोल्टचं दुकान होतं, माल वजनावर जायचा. एका गिऱ्हाइकाला बोल्ट आणि प्रत्येक बोल्टला दोन वायसर हवे होते. मी म्हटलं, दोन्ही एक-एक किलो देऊ. मामा म्हणाले, "अगं, वायसर हलका, ढीगभर उरतील. त्याले नग जुळवायचे आहेत, किलो नाही." मग त्यांनी शंभर बोल्ट तोलले, शंभर वायसर तोलले आणि त्या हिशेबाने वजन काढून दिलं. मोल हेच करतो. तिथे शंभराऐवजी ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढाच फरक.

माझ्याकडची बरीच मुलं इथवर येतात आणि पुढच्या पायरीवर अडकतात, म्हणून तेही सांगते. ५४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम आणि १४२ ग्रॅम क्लोरीन घे. दोन्ही २ मोल. सारखे आहेत म्हणून दोन्ही संपतील? नाही. समीकरणात २ अ‍ॅल्युमिनिअमला क्लोरीनचे ३ रेणू लागतात. प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने (समीकरणात त्याच्या आधी लिहिलेल्या आकड्याने) भाग, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचा भागाकार १ येतो आणि क्लोरीनचा दोन तृतीयांश. लहान भागाकार क्लोरीनचा, तोच संपतो. अ‍ॅल्युमिनिअम क्लोराईड १७८ ग्रॅम बनतं, अ‍ॅल्युमिनिअम १८ ग्रॅम उरतं. आता बेरीज कर. आधी ५४ आणि १४२ मिळून १९६, नंतर १७८ आणि १८ मिळूनही १९६. ही बेरीज दर गणिताला कर, अर्धा मिनिट लागतो. जुळली नाही तर उत्तर नक्की चुकलंय. नुसती जुळली म्हणून बरोबर असेलच असं मात्र धरू नकोस.

फॉर्म्युला शीटबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून दे. पहिले तीन महिने ती वापरूच नकोस. दर आकड्यापुढे एकक आणि पदार्थाचं नाव लिही. नुसतं "५" नको, "५ मोल हायड्रोजन" असं. शीटवरच्या २२.४ लिटरने तर फार पोरं फसतात. तो आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाचा आहे. दाब १ बार दिला असेल तर २२.७. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत, १ अ‍ॅटमॉस्फिअरलाच, तो एक मोल वायू साधारण २६ लिटर जागा घेईल. प्रश्नात तापमान आणि दाब काय दिलाय ते आधी बघ.

भाषेसाठी वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिही. अभिक्रियाकारक म्हणजे रिअ‍ॅक्टंट, अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट, क्षपण म्हणजे रिडक्शन. चाळीसेक शब्दांत बरंच काम भागतं. विचार मराठीत केलास तरी काही बिघडत नाही.

तुझं चुकलेलं एक गणित सगळ्या पायऱ्यांसकट इथे टाक, नुसतं उत्तर नको. रविवारी दुपारी मी मोकळी असते, ओळ न् ओळ बघते.