आधी घरची वही

मायना काय लिहावा, यातच दोन दिवस गेले. चिरंजीव लिहिलं तर तू हसशील, प्रिय मित्रा लिहिलं तर मला हसू येईल. तेव्हा नुसतेच अनेक आशीर्वाद.

लेखनाच्या शिबिरात पाचव्या दिवशी सकाळी तुझी खाट रिकामी दिसली. पहाटेच पिशवी घेऊन गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागलास, असं स्वयंपाकघरातल्या दादांनी सांगितलं. निघून गेलास याचा मला राग नाही. आदल्या रात्री ओसरीवर बसून जे म्हणालास, त्याचा आहे. "ताई, मला हे लिहायचा अधिकारच नाही."

अधिकार! बाहेर धरणाचं पाणी दिसत होतं म्हणून तुझ्यावर ओरडले नाही, एवढंच.

झालं काय होतं? संध्याकाळच्या वाचनात तू धरतीमातेवर वाचलंस. शब्द गोड होते, लय होती, मधे मधे शोषित, वंचितही येऊन जात होते. सुरगाण्याहून आलेल्या त्या मुलीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची बाग किती एकर?" तू म्हणालास, सात. "छाटणीला कोण येतं?" त्यावर तुला उत्तर देता आलं नाही. तिला ते माहीत होतं. तिची आई आणि मावशी अशाच कुठल्यातरी निफाडच्या, दिंडोरीच्या द्राक्षबागेत टोळीबरोबर येतात. त्यांच्याकडे पावसाळाभर पाणी कोसळतं, ते सगळं पश्चिमेला वाहून जातं, आणि उन्हाळ्यात बायका विहिरीच्या तळाशी उतरतात. मग मुकादम उचल देतो.

तिनं तुझा अपमान केला असं तुला वाटलं. मला वाटतं तिनं तुला तुझा विषय हातात आणून दिला, आणि तू तो ओसरीवर टाकून पळालास.

तुझ्या वडिलांची वही आठव. तूच सांगितलंस मला, लाल पुठ्ठ्याची, देव्हाऱ्याखालच्या फळीवर असते. उचल किती, हजेरी किती, औषधाची उधारी किती. तू म्हणालास, ती वही बघितली की पोटात गोळा येतो. मग तीच लिही ना! आधी घरची वही. धरतीमाता कुठं जात नाही, ती थांबेल.

त्या वहीत काय काय आहे, हे तुला कळतं का? एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. छाटणीनंतर काडीला पेस्ट लावतात, डोळे एकदम फुटावेत म्हणून. ती पेस्ट लावलेला माणूस संध्याकाळी घोटभर दारू प्यायला तर लालबुंद होतो, छाती धडधडते, धाप लागते. बागेतल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे आणि सगळे ते हसत सांगतात. तूही हसतच सांगितलंस. नंतर डिपिंग, म्हणजे मगमधे द्रावण घेऊन एकेक घड बुडवायचा, दिवसभर, उघड्या हातानं. २०१० साली युरोपानं आपली द्राक्षं अडवली, क्लोरमेक्वाटचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा, अंश जास्त सापडला म्हणून. तेव्हा जिल्ह्यात कसा हलकल्लोळ झाला होता, तुझ्या वडिलांना विचार. त्यांचे पैसे अडकले असतील, तेही लिही, तेही खरंच आहे. मण्यात किती अंश उरला ते शोधायला प्रयोगशाळा आहे. घड बुडवणाऱ्या बाईच्या हातात किती उरला ते कुठल्या वहीत आहे? तुमच्या वहीत तिच्या नावापुढं फक्त हजेरी असणार. नाव तरी आहे का, की नुसतंच 'मुकादम अधिक चौदा'?

हे सुरगाण्याची मुलगी लिहू शकत नाही. तिला बागेच्या बांधावरून दिसतं तेवढं ती लिहील, आणि तुझ्यापेक्षा चांगलं लिहील. पण देव्हाऱ्याखालची वही तिच्या हाताला लागणार नाही. ती फक्त तुझ्या हाताला लागते. अधिकार अधिकार म्हणतोस तो हाच.

तू विचारशील, ताई, तुम्ही लिहिलीत का तुमच्या घरची वही?

नाही लिहिली. म्हणून तर एवढी चिडते आहे.

आमचा वाडा पंचवटीत, काळारामाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. १९८० साली तिथल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाला पन्नास वर्षं झाली म्हणून मी मोठा लेख लिहिला. मी चोवीस वर्षांची, वाचनालयात बसून बसून पाठ धरली होती. २ मार्च १९३० पासून बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, बंद दरवाजे, रथाच्या दिवशी झालेली दगडफेक, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा. सगळं लिहिलं. जुन्या सत्याग्रहींना शोधत सायकलवर खेडोपाडी गेले. आणि शेजारच्या खोलीत माझे आजोबा पान कुटत बसलेले असायचे. दरवर्षी रथाच्या दिवशी सांगायचे, तीस साली रथाच्या दोराला आमचाही हात होता. कुठल्या बाजूनं? दगड आला तेव्हा हात दोरालाच होता, की दगडाला? मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

आता कुणी म्हणेल, त्या काळी नातीनं आजोबांना असलं विचारायची पद्धत नव्हती. नव्हतीच. शिवाय त्या लेखाचं कौतुक झालं, आणि त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. पुढं तीस वर्षं मी गंगेवर लिहिलं (तुम्ही मुलं गोदावरी म्हणता, आम्ही गंगाच म्हणतो), घाटाच्या काँक्रिटवर लिहिलं, नाल्यांवर लिहिलं. आमच्या मोरीचं पाणी कुठल्या नाल्याला मिळतं, ते मात्र लिहिलं नाही. मागच्या बोळातून टोपलीचा संडास साफ करायला एक बाई यायची. आम्ही पोरं तिला बघून आत पळायचो. तिचं नाव आमच्या घरात एकालाही माहीत नव्हतं.

हे सगळं मी लिहिलं ते साठी उलटल्यावर. आजोबांना विचारलं नाही, हेही लिहिलं. भावाचा फोन आला, "मेलेल्या माणसाला चव्हाट्यावर आणलंस." सहा वर्षं भाऊबीज झाली नाही. वहिनी लग्नात भेटली की पदर सावरत दुसरीकडे बघते. तरी पुन्हा लिहायची वेळ आली तर तेच लिहीन, फक्त चाळीस वर्षं आधी. भाऊ म्हणतो मी प्रसिद्धीसाठी केलं. प्रसिद्धी! त्या लेखाला आलेली पत्रं एका पाकिटात मावतात.

असो. माझं पुराण पुरे.

तपोवनातल्या झाडांवर शिबिरात किती कविता आल्या, बघितल्यास ना? सिंहस्थ २०२७ चा, साधुग्रामसाठी झाडं तोडायची म्हटल्यावर सगळ्यांचा जीव कळवळला. कळवळायलाच हवं, मीही तिथं जाऊन उभी राहिले. पण गेल्या सिंहस्थात स्वतःच्या खोल्या दुप्पट भाड्यानं दिलेला माणूस त्या कवींमधे एकही नसेल? त्यानं त्या भाड्यावर चार ओळी लिहिल्या असत्या तर मी माझा चहा त्याला दिला असता. आणि आपण तरी कुठं बसून हे बोलत होतो? गंगापूर धरणाच्या काठावर. १९६५ सालचं मातीचं धरण, माझ्या नळाला तिथलंच पाणी येतं. त्या पाण्याखाली कुणाची जमीन गेली, हे सात दिवसांत एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. बघ, अजून सवय गेलेली नाही.

वडिलांना खलनायक करून लिहू नकोस हं. ते तुझ्याकडून सहज होईल आणि टाळ्याही पडतील. डावणी, म्हणजे द्राक्षावरची बुरशी, आली की रात्री दोनला उठून ट्रॅक्टर जुंपणारा, फवाऱ्याचं औषध स्वतःच्याही अंगावर घेणारा माणूस आहे तो. वहीत त्याच्या नावापुढं हजेरीसुद्धा नाही. हे दोन्ही एका पानावर मावतं का बघ. मावत नसेल तर तसंच अर्धवट पाठव.

त्या मुलीचा नंबर मागितलास, तो देणार नाही. आधी तिला विचारीन.

गोडी छाटणीला अजून वेळ आहे. एवढं एक काम कर. जेवण झाल्यावर, वडिलांचा मूड बघून विचार, गेल्या वर्षी पेस्टच्या दिवशी हातमोजे आणले होते का. जे काही म्हणतील ते, त्यांच्याच शब्दांत, शिवी असली तर शिवीसकट लिहून काढ. कागदावर लिही आणि पोस्टानं पाठव, मोबाईलवरचं मला वाचवत नाही.

तुझी बॅटरी इथंच राहिली आहे. सेल काढून ठेवलेत.

तुझी,
ताई