धाकट्या भावाची असिस्टंट लोको पायलट म्हणून निवड झाली आहे. ड्युटीचे तास, भत्ते, पेन्शन आणि युनियन यांबद्दल काय माहीत असावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की कुडाळजवळच्या तुमच्या भावाला असिस्टंट लोको पायलटचं पत्र आलंय. आई रात्रीबेरात्रीच्या नोकरीला घाबरली आहे. गावात कोणी म्हणतं पगार भरपूर, कोणी म्हणतं माणूस घरी दिसत नाही. त्यात नियम बदलले म्हणे, पेन्शन बदलली म्हणे, आणि युनियनच्या भानगडीत पडावं का, हा शेवटचा प्रश्न.

मी इंजिनात बसूनच निवृत्त झालो, कोकणातल्या बोगद्यांत आयुष्याची बरीच वर्षं गेली. घर रत्नागिरीच्या अलीकडे आहे आणि आजही नवी मुलं काही अडलं की येतात. त्यांना सांगतो तेच तुम्हाला सांगतो: या नोकरीतला सगळ्यात मोठा लाभ पगारपत्रकावर छापलेला नसतो. तो लाभ म्हणजे विश्रांती. पैशाचे नियम कारकून सांभाळतो, विश्रांतीचे नियम मात्र ज्याचे त्यालाच पाठ असावे लागतात.

तासांपासून सुरुवात करतो. रेल्वे कायदा १९८९ च्या चौदाव्या प्रकरणात आणि त्याखालच्या २००५ च्या नियमांत कामाचे तास ठरलेले आहेत. रनिंग स्टाफ, म्हणजे गाडीवर काम करणारी माणसं, ‘कंटिन्युअस’ वर्गात मोडतात, म्हणजे दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास. प्रत्यक्षात लॉबीत, म्हणजे ड्युटीवर हजेरी लावतो त्या खोलीत, जो आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो तो पंधरवड्याला १०४ तासांचा. त्यावर गेलं की ओव्हरटाइम.

एका फेरीत किती तास, हे रेल्वे बोर्डाने २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये नव्याने ठरवलं. गाडी चालवण्याची ड्युटी एका दमात सर्वसाधारणपणे ९ तास. त्यापुढे लांबवायची असेल तर ९ तास संपायच्या किमान दोन तास आधी क्रूला तसं कळवायला हवं, आणि साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत, म्हणजे ड्युटीवर हजेरी लावल्यापासून सुटेपर्यंत, एकूण ११ तासांच्या वर जायचं नाही. क्रू बदलण्याचं ठिकाण साधारण तासाभरावर आलं असेल तरच १२.

हे कागदावर सरळ वाटतं, पण दोन वेगवेगळी घड्याळं आहेत हे नव्या पोराच्या लक्षात येत नाही. समजा त्याने रात्री १० वाजता साइन ऑन केलं. श्वास तपासणी झाली, कॉशन ऑर्डर, म्हणजे वाटेत कुठे वेग कमी ठेवायचा त्याचा कागद, घेतली, इंजिन तपासून ताब्यात घेतलं, आणि गाडी हलली पावणेअकराला. नऊ तासांचं घड्याळ गाडी हलल्यावर सुरू होतं, ते सकाळी पावणेआठला संपेल. म्हणजे पुढे नेणार असाल तर कंट्रोलने, म्हणजे गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कार्यालयाने, पावणेसहाच्या आत सांगायला हवं. अकरा तासांचं घड्याळ मात्र दहालाच सुरू झालंय आणि ते ९ वाजता संपतं. आता गाडी यार्डातच दोन तासांहून जास्त अडकली, ज्याला आम्ही प्री-डिपार्चर डिटेन्शन म्हणतो, तर ९ तास भरायच्या आधीच ११ भरतात. भावाला या दोन्ही वेळा फेरीच्या सुरुवातीलाच डायरीत लिहायला सांगा. वेळ जवळ आली की तोंडी कुरकुर करून काही होत नाही. लोको पायलटने कंट्रोलला वेळेत कळवायचं, कोणाला, किती वाजता आणि कुठल्या स्टेशनवरून कळवलं ते टिपून ठेवायचं. असिस्टंटनेही स्वतःची नोंद स्वतंत्र ठेवावी.

भावाचं पोस्टिंग आपल्या बाजूला झालं तर एवढं काटेकोर राहणं आणखी गरजेचं आहे. रोहा ते वीर हा जेमतेम ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या खाली बहुतेक मार्ग अजून एकेरी. समोरून राजधानी येतेय, मागून वंदे भारत येतेय, म्हणून मालगाडी निवसरला किंवा आडवलीला लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभी. बाहेर काळोख, पाऊस आणि बेडकांचा आवाज. किलोमीटर सरकत नाहीत पण तास सरकत असतात. पावसाळ्याचं वेळापत्रक लागलं की वेग उतरतो, आणि जोराच्या पावसात समोरचं नीट दिसेनासं झालं तर ताशी ४० च्या वर जायचंच नाही असा आदेश असतो. तो आदेश योग्यच आहे. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ आंबोलीच्या पुलाजवळ रुळावर आलेल्या दरडी-दगडांमुळे गाड्या घसरून माणसं गेली, ते कोकणातला माणूस विसरू शकत नाही. पण वेग उतरला की फेरी लांबते, आणि हे लांबलेले तास दोन माणसांच्या डोळ्यांतून वसूल होतात.

थकवा कसा दिसतो ते सांगतो. सिग्नल दिसला की असिस्टंटने तो मोठ्याने पुकारायचा आणि लोको पायलटने परत पुकारायचा, अशी पद्धत आहे. पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडताना काच एकदम पावसाने भरते. माणूस ताजा असला तर तो आधी बघतो, मग पुकारतो. सलग तिसऱ्या रात्रीचा माणूस सवयीने आधी पुकारतो आणि मग बघतो. आवाज तोच, शब्द तेच, लांबून ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. शेजारी बसलेल्याला कळतो. म्हणून मी विश्रांतीला सवलत मानत नाही. ब्रेक जितका गरजेचा तितकीच ती गरजेची.

विश्रांतीचा हिशोब असा. फेरी ८ तासांची किंवा जास्त असेल तर हेडक्वार्टरला, म्हणजे नेमणुकीच्या गावी, १६ तास, कमी असेल तर १२. बाहेरगावी रनिंग रूममध्ये, म्हणजे क्रूच्या विश्रांतिगृहात, ८ तासांच्या वर काम झालं असेल तर ८ तास. याशिवाय महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच पिरिऑडिक रेस्ट, ज्याला सगळे ‘पीआर’ म्हणतात. वाद इथेच आहे. लोको पायलटांचं म्हणणं की रोजची १६ तासांची विश्रांती वेगळी आणि आठवड्याची ३० तासांची वेगळी, म्हणजे एकूण ४६ तास सलग मिळाले पाहिजेत. प्रशासन ३० तासांतच १६ धरतं. याच मुद्द्यावर २०२४ च्या जूनमध्ये केरळातल्या लोको पायलटांनी आपण होऊन ४६ तास विश्रांती घ्यायला सुरुवात केली आणि काहींवर कारवाईही झाली. मला विचाराल तर त्यांची मागणी बरोबर आहे. इतर नोकरदाराला रविवारची सुट्टी मिळते तेव्हा शनिवारची रात्र कोणी त्या सुट्टीतून कापत नाही. सलग दोनपेक्षा जास्त रात्रपाळ्या नकोत आणि माणूस लवकर घरी परत यावा, याही मागण्या अजून लटकलेल्या आहेत.

अलीकडचा एक निर्णय मला फार लागला. जेवणाला आणि लघवी-संडासला ठरावीक वेळ द्यावी ही मागणी रेल्वेच्या एका समितीकडे होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये रेल्वे बोर्डाने ती व्यवहार्य नाही म्हणून बाजूला ठेवली, आणि त्याच वेळी केबिनमध्ये आवाज-चित्र रेकॉर्ड करणारी यंत्रणा बसवायला हरकत नाही असं ठरवलं. बहुतेक इंजिनांत अजून शौचालय नाही. आता मुलीही मोठ्या संख्येने या कामात येताहेत. आठ-नऊ तास पाणी न पिता बसणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाचं काय होतं ते डॉक्टरला विचारायची गरज नाही. एसी केबिन वाढल्या, रनिंग रूम सुधारल्या, हे मी नाकारत नाही. मी पाहिलेल्या जुन्या रनिंग रूम आणि आजच्या यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण ही मागणी साधी माणुसकीची आहे आणि ती परत परत मांडली पाहिजे.

आता पैसे. असिस्टंट लोको पायलट वेतनश्रेणीच्या लेव्हल २ मध्ये लागतो, सुरुवातीचं मूळ वेतन १९,९००. मालगाडीचा लोको पायलट झाला की लेव्हल ६, म्हणजे ३५,४०० पासून. यावर महागाई भत्ता, घरभाडं आणि किलोमीटर भत्ता, ज्याला मायलेज म्हणतात. लोकांना जो ‘भरपूर पगार’ दिसतो तो मायलेजमुळे, आणि ते गाडी चालवली तरच मिळतं. रजेवर असताना त्याऐवजी मूळ वेतनाच्या ३० टक्के धरतात. घर बांधायला कर्ज काढताना मायलेजच्या भरवशावर हप्ता ठरवू नका, एवढं भावाला आत्ताच सांगा. एक मोठा आजार झाला की ती रक्कम थांबते.

दोन बारीक गोष्टी कोणी सांगत नाही. आयकरात किलोमीटर भत्त्याच्या ७० टक्के, पण महिन्याला ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंतच, एवढी सूट जुन्या कररचनेत मिळत आली आहे, नव्या रचनेत नाही. त्यामुळे रचना निवडताना दोन्ही हिशोब मांडून बघा. आणि २०२० च्या आदेशाने रात्रपाळी भत्त्याला ४३,६०० च्या मूळ वेतनाची मर्यादा घातली. म्हणजे माणूस जितका अनुभवी, तितका तो या भत्त्यातून बाहेर. रात्र सगळ्यांना सारखीच जागावी लागते, मग हे कशासाठी?

वैद्यकीय वर्ग ‘ए-वन’, सगळ्यात कडक. ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी तपासणी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. डोळ्यांनी दगा दिला आणि या वर्गात माणूस नापास झाला तर नोकरी जात नाही. वेतन राखून दुसरं काम द्यावं लागतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तसं संरक्षण आहे. आईला हे नक्की सांगा.

पेन्शनबद्दल: केंद्र सरकारी नोकरीत १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन योजना आली. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं पेन्शन, किमान १० वर्षं सेवेला महिना निदान १०,००० रुपये, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला त्या पेन्शनच्या ६० टक्के. नव्याने लागणाऱ्याला एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेऐवजी हवा असेल तर हा पर्याय रुजू झाल्यापासून ३० दिवसांत निवडावा लागतो. ट्रेनिंगच्या गडबडीत हे दिवस कधी गेले ते कळतही नाही.

इथे एक खुलासा. हे सगळं भारतीय रेल्वेचं. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये वेगळी कंपनी म्हणून स्थापन झालं आणि तिची भरती व सेवाशर्ती वेगळ्या आहेत. भारतीय रेल्वेत तिच्या विलीनीकरणाला महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या मे महिन्यात संमती कळवली, बाकीची तीन भागीदार राज्यं आधीच तयार होती. तेव्हा नियुक्तिपत्रावर कोणाचं नाव आहे ते आधी वाचा. पेन्शन, पास, बदली सगळं त्यावर ठरतं.

युनियनमध्ये जावं का? जावं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको कामगारांनी संप केला तेव्हा दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन सरकारने दिलं. त्याआधी फेरी कधी संपेल याला धरबंध नव्हता. वर्षभरात, १९७४ च्या मे महिन्यात, देशभरचा रेल्वे संप झाला. तो चिरडला गेला, हजारो घरांनी हाल सोसले. त्याचे नेते जॉर्ज फर्नांडिस पुढे रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात कोकण रेल्वेला गती मिळाली. आपल्या दारातून गाडी जाते त्यात कामगार चळवळीचाही वाटा आहे, हे आपल्याकडच्या पोरांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

भारतीय रेल्वेत मान्यताप्राप्त युनियन गुप्त मतदानाने ठरते, शेवटचं मतदान २०२४ च्या डिसेंबरमध्ये झालं. प्रशासनाशी अधिकृत बोलणी तीच करते. त्याशिवाय फक्त लोको पायलटांच्या संघटना आहेत. त्यांना मान्यता नसते, पण तास-विश्रांतीचे प्रश्न त्यांना बारकाईने ठाऊक असतात. भावाने पहिले काही महिने दोन्हींच्या बैठकांना बसावं. फेरीत तास ओलांडले असं लेखी घेऊन गेल्यावर जो शाखा सचिव ते पुढे लावून धरतो, त्याच्या युनियनच्या सभासदत्वाची पावती फाडावी. नुसत्या गेट-मीटिंगच्या भाषणावर जाऊ नये.

एक सावधगिरी मात्र हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस आहे, आणि ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. पूर्वी मुलं ‘सगळे मिळून सिक टाकू’, म्हणजे आजारपणाची रजा टाकू, असं सहज म्हणायची. आता व्हॉट्सॲपवर असा मेसेज आला तर भावाने आधी शाखेत विचारावं, मग हो म्हणावं. विशेषतः प्रोबेशन संपेपर्यंत.

रुजू होताना सोबत न्यायचं ते एवढंच: नियुक्तिपत्राच्या दोन प्रती, पेन्शनच्या पर्यायाचा फॉर्म, आणि जाड पुठ्ठ्याची डायरी, जी पावसात भिजणार नाही. ट्रेनिंग कुठे लागतंय ते कळलं की इथेच लिहा. त्या बाजूच्या रनिंग रूम आणि जेवणाबद्दल सांगेन.