बागेतली जर्मन तोफ तिथे आली कशी?

प्रश्न: मुलाकडे ऑस्ट्रेलियात गेलो होतो, तिथल्या एका छोट्या गावात बागेत युद्धस्मारकाशेजारी लाकडी चाकांची जुनी तोफ पाहिली. पाटीवर फक्त 'जर्मन तोफ, १९१८'. एवढ्या लांब ती कशी आली, आणि नेमकी कुठली तोफ ते कळू शकेल का?

उत्तर: कळू शकेल, आणि बरंचसं त्या तोफेवरच लिहिलेलं असतं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिक फ्रान्स-बेल्जियममध्ये लढत होते. ८ ऑगस्ट १९१८ ला फ्रान्समधल्या आमियाँच्या लढाईत तर मित्रसैन्याने एका दिवसात शेकडो जर्मन तोफा पकडल्या. पकडणारी बटालियन आपलं नाव लगेच तोफेवर रंगवायची नाहीतर कोरायची, म्हणजे नंतर कुणी दुसऱ्याने हक्क सांगायला नको. १९१७ मध्ये जॉन ट्रेलोअर यांच्याकडे युद्धाच्या नोंदी आणि वस्तू जमवणारा विभाग सोपवला होता, त्यांनी या सगळ्या वस्तू गोळा करून जहाजाने मायदेशी पाठवल्या आणि मग १९२० च्या सुमारास त्या गावोगाव वाटल्या गेल्या, लोकसंख्या बघून, मोठ्या गावाला तोफ आणि लहान गावाला मशीनगन.

आता हे आपल्याला शिकारीच्या ट्रॉफीसारखं वाटतं पण तिथल्या घरांचा विचार करा. सुमारे ६०,००० माणसं गेली आणि जवळजवळ सगळ्यांना तिकडेच पुरलं, मृतदेह परत आणायचेच नाहीत असं ठरलेलं. आईवडिलांना जाऊन उभं राहायला कबर नाही. अशा गावात आपल्या पोरांच्या बटालियनने पकडलेली तोफ म्हणजे हात लावता येईल अशी एक खरी वस्तू होती. मला तरी त्यात विजयाच्या मिरवणुकीपेक्षा हेच जास्त दिसतं.

कुठली तोफ ते बघायला साधा टेप पुरतो. तोंडाचं आतलं माप ७७ मिमी आलं तर ती जर्मन फील्डगन, म्हणजे सैन्याबरोबर मैदानात नेता येणारी हलकी तोफ, मग बॅरलची (नळीची) लांबी बघा. साधारण २.१ मीटर असेल तर १८९६ च्या मॉडेलची सुधारित आवृत्ती (मूळ तोफ प्रत्येक गोळ्याला अख्खी मागे सरकायची, फ्रेंचांची १८९७ ची तोफ आल्यावर जर्मनांना हिला रिकॉइलची, म्हणजे गोळा सुटताना बसणारा मागचा धक्का झेलणारी, यंत्रणा बसवावी लागली), आणि २.७ मीटरच्या आसपास असेल तर १९१६ चं मॉडेल, जास्त लांब पल्ल्याचं. माप १०५ मिमी आलं तर ती बहुधा हॉवित्झर, म्हणजे गोळा उंच कमानीत टाकणारी आखूड तोफ. जुन्या प्रशियन बॅरलवर जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मचं राजचिन्ह आणि 'उल्टिमा रेशियो रेजिस' हे लॅटिन शब्द, म्हणजे 'राजाचा शेवटचा युक्तिवाद', दिसतात.

बॅरलवरचा सिरीयल नंबर आणि बटालियनची खूण याचा फोटो काढून कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलला विचारा. मुलगा तिथेच आहे तर त्याला एक काम नक्की सांगा, गावच्या कौन्सिलने तोफ रंगवायला काढली तर आधी सगळ्या खुणांचे फोटो घ्यायला लावा आणि सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार फवारा मारून घासणं) करू देऊ नका, शंभर वर्षांपूर्वीचं रंगवलेलं बटालियनचं नाव त्यात निघून जातं, मग ती तोफ कुणी पकडली हे शोधणं फार अवघड होऊन बसतं.