नाव आपले, कर्ज दुसऱ्याचे

प्रश्न : मी शिक्षिका आहे. घरासाठी कर्ज काढायला गेले, तेव्हा बँकेने माझ्या क्रेडिट अहवालात दोन थकीत कर्जे दाखवली. एक दुकानातून हप्त्यांवर घेतलेल्या मोबाइलचे आहे आणि दुसरे एका ॲपवरून घेतलेले 40,000 रुपयांचे. यांतले एकही मी घेतलेले नाही. वसुलीचे फोन येतात आणि ‘निम्मी रक्कम भरा, प्रकरण मिटवतो’ असे सांगितले जाते. यजमान म्हणतात, भरून मोकळे व्हावे. भाड्याचे घर, सिमकार्ड, मुलाचा प्रवेश अशा कामांसाठी आधार आणि पॅनच्या झेरॉक्स कितीतरी ठिकाणी दिल्या आहेत. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम आपल्याला आणि आपल्या यजमानांना कळकळीची विनंती अशी, की एक रुपयाही भरू नका. न घेतलेल्या कर्जाचा हप्ता भरला की ते कर्ज आपण मान्य केले असा अर्थ काढण्यास जागा मिळते, आणि निम्म्या रकमेवर तडजोड केली तर अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो, जो पाहून पुढची बँक पुन्हा हात आखडता घेते. वसुली प्रतिनिधींना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करण्याची मुभा नाही. त्यांच्याशी तोंडी वाद न घालता ‘हे कर्ज माझे नाही, मी लेखी तक्रार केली आहे’ एवढेच सांगावे आणि फोनची तारीख-वेळ टिपून ठेवावी.

आता अहवाल नीट वाचू. आपल्या देशात कोणी किती कर्ज घेतले आणि कसे फेडले याची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चौघींचेही अहवाल मागवावेत, कारण एकीकडे न दिसणारी नोंद दुसरीकडे सापडू शकते. बहुतेक लोक गुणांक पाहून अहवाल मिटतात, पण आपल्या कामाचे दोन भाग वेगळेच आहेत. पहिला संपर्काचा तपशील : तिथे अनोळखी पत्ता किंवा मोबाइल क्रमांक आढळला, तर तो बहुधा चोरानेच कर्जाच्या अर्जात दिलेला असतो. दुसरा चौकशांचा : कोणत्या संस्थेने कोणत्या तारखेला आपल्या नावाने विचारणा केली, हे तिथे कळते आणि फसलेले प्रयत्नही उघड होतात. कोणी आपला अहवाल पाहिला की ग्राहकाला संदेश पाठवणे या कंपन्यांवर आता बंधनकारक आहे, परंतु नोंदीत चोराचा क्रमांक बसला असेल तर तो इशारा त्यालाच जाण्याची भीती आहे. म्हणून संपर्काची दुरुस्ती आधी मागावी.

त्यानंतर अहवाल देणारी कंपनी आणि कर्ज देणारी संस्था अशा दोघांकडे लेखी हरकत नोंदवावी. 30 दिवसांत निराकरण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. रक्कम लहान आहे, पण तारखेची पोच हाती असणाऱ्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे संस्थेला अवघड जाते, असा माझा अनुभव आहे.

कर्ज देणाऱ्या संस्थेकडे केवळ ‘कर्ज रद्द करा’ असे लिहून थांबू नये. अर्जाची प्रत, जोडलेली ओळखपत्रे, घेतलेले छायाचित्र किंवा चित्रफीत, अर्जातील मोबाइल क्रमांक आणि रक्कम जमा झालेल्या खात्याचा तपशील मागावा. आपल्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा धागा शेवटचा आहे. ॲपवरच्या कर्जाची रक्कम सामान्यतः कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा व्हावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा दंडक आहे. मग ते 40,000 रुपये कोणत्या खात्यात गेले? आपल्या नावाने एखादे खातेही उघडले गेले असेल, तर ते आजच शोधून बंद करायला हवे. आणि रक्कम तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेली असेल, तर संस्थेने नियम का मोडला याचे उत्तर तिलाच द्यावे लागेल. मोबाइलच्या कर्जात पैसे थेट दुकानाला मिळतात. तिथे दुकानाचे बिल आणि हँडसेटचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागावा, कारण त्यावरून पोलिसांना तो फोन शोधता येतो. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

पोलिसांकडील तक्रार टाळू नये. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा असून त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तो दखलपात्र आहे, त्यामुळे अदखलपात्र नोंदीवर बोळवण होत असेल तर हे कलम नम्रपणे निदर्शनास आणावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

आणखी दोन ठिकाणी आपले नाव तपासावे. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावाने किती मोबाइल जोडण्या आहेत हे दिसते आणि अनोळखी क्रमांक तिथूनच कळवता येतो. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून शोध घ्यावा, कारण सामान्य माणसाच्या पॅनवर बनावट व्यापारी पेढी नोंदवण्याचे प्रकार घडलेले आहेत आणि त्याची पहिली खबर त्या बिचाऱ्याला कराच्या नोटिशीतूनच मिळते.

राहिला झेरॉक्सचा प्रश्न. यापुढे प्रत्येक प्रतीवर मजकुराला छेदून, पण छायाचित्र न झाकता, ‘अमुक संस्थेस, अमुक कामासाठीच’ असे तारखेसह लिहून सही करावी. चोराला हे पूर्णपणे रोखू शकत नाही, परंतु प्रत कोठून फुटली हे नंतर सांगता येते. झाल्या गोष्टीबद्दल स्वतःला दोष मात्र देऊ नका. कागद मागणारे सर्वजण असताना तो न देता संसार चालवणे कोणालाही शक्य नव्हते.

प्रश्न : माझे वडील गावी राहतात, वय 74. त्यांच्या खात्यातून 10,000 रुपये गेले. त्यांच्याकडे कार्ड नाही, ओटीपी आला नाही. पासबुकात ‘एईपीएस’ असे लिहिले आहे. मागच्या वर्षी त्यांनी जमिनीचा दस्त नोंदवला होता, त्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, बीड

उत्तर : संबंध असू शकतो. एईपीएस म्हणजे आधारवरून पैसे काढण्याची सोय. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेची कामे करणाऱ्या प्रतिनिधीच्या, यंत्रातून पैसे काढता येतात. त्यात ओटीपी नाही. नोंदणी झालेल्या दस्तावर अंगठ्याचे ठसे असतात आणि आधार क्रमांकही असू शकतो. तेलंगणात 2018 मध्ये नोंदणी कार्यालयातील दस्तांवरून रबरी ठसे बनवून सिमकार्डे सुरू केल्याचे प्रकरण उघडकीस आले होते.

पैसे नुकतेच गेले असतील तर हे वाचून होताच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची सूचना बँकेचा संदेश मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भुर्दंड पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच ठरवून दिले आहे. उशीर झाला असला तरी तक्रार करावीच. आधारच्या संकेतस्थळावर मागील 6 महिन्यांत कधी आणि कोणत्या पद्धतीने ओळख पडताळली गेली याची यादी मिळते. तीही तक्रारीला जोडावी.

पुढे आधारमधले ठसे ‘लॉक’ करून, म्हणजे वापरासाठी बंद करून, ठेवता येतात, पण ही सोय सांगताना एक अडचण सांगणे माझे कर्तव्य आहे. रेशन दुकानातील यंत्रही त्याच ठशावर चालते. लॉक केल्यावर धान्य आणण्यापूर्वी ते उघडावे लागेल आणि त्यासाठी वडिलांचा चालू मोबाइल आधारशी जोडलेला हवा. घरात हे करणारे कोणी नसेल, तर त्या खात्यातून ठशावर पैसे काढण्याची सोयच बंद करावी असा अर्ज बँकेत द्यावा. थेट जमा होणारे अनुदान त्यामुळे अडत नाही, कारण पैसे येण्याची वाट आणि काढण्याची वाट वेगवेगळी आहे.

प्रश्न : आमचा छोटा होम-स्टे आहे. पाहुणे आधारची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतात. ती पासवर्डने बंद असते, म्हणजे सुरक्षित समजावी का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्माचे वर्ष. पाहुण्याला ओळखणारा कोणीही तो लावू शकतो. आपण हा प्रश्न दुसऱ्यांच्या कागदांसाठी विचारलात, याचे मला फार मोल वाटते. पाहुण्यांना मास्क्ड आधार पाठवण्यास सांगावे. त्यात 12 पैकी शेवटचे 4 अंकच दिसतात. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र दिले तर तेही स्वीकारावे. फाइल नोंद होताच व्हॉट्सॲपमधून आणि फोनच्या गॅलरीतूनही काढून टाकावी. जुन्या कागदी प्रती असतील तर त्या रद्दीवाल्याला मुळीच देऊ नयेत. भेळेच्या पुडीच्या कागदावर एका अनोळखी बाईंचा आधार क्रमांक, पत्ता आणि सही मी स्वतः वाचलेली आहे. त्या प्रती बारीक फाडून पाण्यात भिजवाव्यात, लगदा करावा आणि मगच टाकाव्यात.