हाउसिंगचं ऑइल बाटलीनं नाही, भोकानं मापायचं

निपाणीहून एकांनी विचारलंय: ईकोच्या मागच्या डिफ्रेन्शियलचं (मागच्या दोन्ही चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारे गिअर आणि त्यांचं लोखंडी खोकं म्हणजे हाउसिंग) ऑइल बदललं, मागनं जॅक लावून पुस्तकात लिहिलंय तेवढं मोजून ओतलं, म्हणजे लेवल बरोबरच असणार ना?

असेलच असं नाही. जुनं ऑइल सगळं निथळत नाही, थोडं आत राहतंच, त्यामुळं बाटलीचं माप अंदाजासाठी आणि खरी लेवल म्हणजे भरायच्या प्लगच्या भोकाचा खालचा काठ. पण त्याला गाडी सपाट पाहिजे, चारी चाकं सारख्या उंचीवर, म्हणजे पिटवर नाहीतर लिफ्टवर. मागचं तेवढं उचललं की ऑइल पुढं पिनियनकडं, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या लहान गिअरकडं जातं, मग प्लग हाउसिंगच्या मागच्या बाजूला असला तर लेवल कमी दिसते आणि आपण जास्त ओतून बसतो. प्लग पुढच्या बाजूला असला तर उलट, ऑइल लवकर बाहेर येतं, भरलं म्हणून प्लग लावतात आणि आत कमीच राहतं.

माझ्या जुन्या जीपला एका गॅरेजात हेच झालं होतं. चोर्ला घाट चढताना मागनं ऊंऽऽ असा आवाज यायला लागला, मी टायरचा समजून तसाच महिनाभर फिरलो आणि शेवटी क्राउन-पिनियनचा सेटच बदलायला लागला. क्राउन, म्हणजे पिनियन फिरवतो तो मोठा गिअर, ऑइलात बुडून फिरतो आणि तोच ऑइल उडवून पिनियनच्या बेरिंगपर्यंत पोचवतो, लेवल खाली गेली की बेरिंग कोरडं पडतं, एवढंच कारण.

बघताना करंगळी भोकात घालून पहिल्या पेरात खाली वाकवा, काठाशीच ऑइल लागलं पाहिजे. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत काठाखाली ५ मिमीपर्यंत चालतं. आणि हे ऑइल दाट असतं, ॲक्सलच्या नळ्यांत पसरायला वेळ घेतं, त्यामुळं भोकातनं गळायला लागलं की लगेच प्लग लावू नका, पाच-दहा मिनिटं थांबून परत बोट घाला, बऱ्याचदा अजून थोडं बसतं.

अजून एक, खालचा ड्रेन प्लग खोलायच्या आधी वरचा सुटतोय का बघा. वरचा गंजून अडकला आणि खालनं ऑइल सोडून दिलं तर गाडी तिथंच उभी.

खानापूर: ऑइल बदलल्यावर बोलेरोच्या मागच्या एका चाकातनं ऑइल गळतंय, ब्रेकही कमी लागतोय. सील गेलं का?

आधी गाडी चालवायची बंद करा, ब्रेक शूला ऑइल लागलंय. सील, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला ऑइल अडवणारं रबरी कडं, गेलेलं असू शकतं, पण बदलायच्या आधी लेवल आणि ब्रीदर बघा. ब्रीदर म्हणजे हाउसिंगच्या वर असतो तो छोटा टोपीसारखा तुकडा. जांबोटीकडच्या रस्त्याचा लाल चिखल त्यात बसून वाळला की आतली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही, मग ती ऑइलला सीलमधनं ढकलते. ऑइल जास्त भरलं असेल तरी ते नळीतनं सीलपर्यंत येतं. ब्रीदर काढून डिझेलनं धुवा, हवा मारा, टोपी बोटानं हलली पाहिजे, जास्तीचं ऑइल सपाट जागी प्लग उघडून वाहू द्या आणि मगच सील घाला, नाहीतर नवीन सीलसुद्धा पुन्हा गळेल. ऑइल पिलेले शू धुऊन परत लावू नका, नवीनच घ्या.

चिकोडी: पावसाळ्यात दूधगंगेच्या पुलावर पाणी होतं, पिकअप तशीच काढली. आता प्लग खोलल्यावर लेवल वाढलेली दिसतेय, असं कसं?

ते पाणी आहे. गरम हाउसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधनं, सीलमधनं पाणी ओढून घेते. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर सगळं काढा, नवीन भरा, शंभरेक किलोमीटर चालवून रंग परत बघा आणि परत पांढुरकं आलं तर अजून एकदा बदला. प्लगच्या मॅग्नेटला करडी मलई लागली असेल तर घाबरायचं कारण नाही, ती झीज रोजचीच, पण नखाएवढा तुकडा मिळाला तर हाउसिंग खोलून घ्या. आणि पुलावरनं पाणी वाहत असताना गाडी घालू नका हो, ऑइल बदलता येतं, माणूस नाही.

बेळगाव, उद्यमबाग: गिअरबॉक्सचं जीएल-४ दर्जाचं ऑइल उरलंय, तेच मागं टाकू का?

नको. मागं हायपॉइड गिअर असतात, त्यांचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जीएल-५ लागतं, ग्रेड पुस्तकात बघा, बऱ्याच गाड्यांना ८०डब्ल्यू-९०.

तिलकवाडी: स्विफ्टला मागं प्लगच सापडत नाही.

नसणारच. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, तिचं डिफ्रेन्शियल गिअरबॉक्सातच असतं आणि ऑइलही तेच, गिअरबॉक्सचीच लेवल बघा.