पाणी तोंडात का गेलं नाही?

आशियातल्या सहलींतले ‘असं कसं झालं?’ म्हणायला लावणारे फोटो आणि त्यामागची हकिगत पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. त्यांतली सहा पत्रं निवडली आणि थोडी कापली. फोटो छापलेले नाहीत. का, ते वाचता वाचता कळेल.

प्रश्न : सिंगापूरच्या मर्लायनच्या तोंडातून पडणारी धार मी आ करून पितोय, असा फोटो हवा होता. बायकोने अठ्ठावीस काढले. एकात पाणी कानात शिरतंय, काहींत टाळूवर अभिषेक चाललाय, उरलेल्यांत धार मागे उभ्या असलेल्या अनोळखी आजोबांच्या तोंडात. चूक कुणाची? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दोघांची, पण वहिनींची कमी. या फोटोत सगळा खेळ अंतराचा आहे. सिंहाचं डोकं आणि माशाचं धड असलेला तो पुतळा ८.६ मीटर उंच आहे आणि तुम्ही धक्क्यावर उभे राहता तिथून बराच लांब. समजा, फोनपासून तुम्ही २ मीटरवर आहात आणि मर्लायन ४० मीटरवर. फोन कडेला ५ सेंटिमीटर सरकला, की मर्लायनच्या मापाने तुमचं तोंड जवळजवळ १ मीटर सरकतं. वहिनींनी नुसता पाय बदलला तरी धार तुमच्या कानातून आजोबांकडे जाते.

म्हणून एका वेळी एकानेच हलायचं. फोन धरणाऱ्याने कोपरं बरगड्यांना टेकवून किंवा कठड्यावर रोवून फोन जागचा हलू द्यायचा नाही. पिणाऱ्याने सांगितल्यावरच सरकायचं. ‘इकडे, अजून इकडे’ अशा सूचना दिल्या की भांडण ठरलेलं. ‘तुझ्या डाव्या हाताला दोन बोटं’ असं सांगा. चेहरा एका अंगाने दिसला पाहिजे, मान मागे. धार कानात किंवा टाळूवर पडतेय म्हणजे चेहरा धारेच्या पुढे निघून गेलाय, चार बोटं मागे घ्या. तोंड धारेपर्यंत पोचतच नसेल तर टाचा उंचावू नका, फोन खाली आणा. फोन जितका खाली, तितका जवळचा माणूस मागच्या दृश्यावर वर चढतो.

पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा. तो मागचं सगळं धूसर करतो आणि मग तुम्ही पांढऱ्या ढगाखाली आ वासून उभे दिसता. लेन्स साधी, १ एक्सची, ०.५ वर मर्लायन खेळण्याएवढा होतो. वारा सुटला की धारच वाकते, तेव्हा झुळूक जाईपर्यंत थांबायचं. ताजमहालाचा कळस चिमटीत धरतानाही हेच सगळं, फक्त शुक्रवारी ताज बंद असतो. आणि आजोबांचे फोटो पुसू नका, नेम जमलेले तेवढेच आहेत.

प्रश्न : बालीतल्या लेंपुयांग मंदिराच्या दारात तळं आहे, असं फोटोंत पाहून सासूबाईंनी रांगेतच चपला पिशवीत टाकल्या आणि सारोंग गुडघ्यापर्यंत खोचला. नंबर लागला तेव्हा समोर कोरडी ठाक फरशी. ‘तळं कुठाय रे?’ असं त्यांनी तिथल्या मुलाला मराठीतच विचारलं. हातात आलेल्या फोटोत मात्र त्या पाण्याकाठी उभ्या आहेत! — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तळं त्या मुलाच्या हातात होतं. तिथले फोटो काढणारे फोनच्या लेन्सखाली आरशाचा छोटा तुकडा आडवा धरतात. लेन्सला वरच्या अर्ध्यात खरं दुभंगलेलं दार आणि खालच्या अर्ध्यात आरशातलं दिसतं. मधली फरशी आरशामागे झाकली जाते, म्हणून पाणी असल्याचा भास होतो.

कोल्हापूरकरांना रंकाळा असताना याची गरज नाही, पण गच्चीवर करून बघा. फोन उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खालच्या कडेला येते. पडदा बंद केलेला दुसरा फोन पालथा नव्हे, उताणा, लेन्सच्या अगदी खाली चिकटवून आडवा धरायचा. मग त्याची पुढची कड अगदी थोडी वर-खाली करायची, प्रतिबिंब माणसाच्या पायांना येऊन भिडेपर्यंत. भिडलं नाही तर मध्ये राखाडी पट्टी राहते. कड तिरकी झाली तर दार एका बाजूला झुकतं आणि सासूबाई दुसऱ्या. घरातला साधा आरसा घेतलात तर कडा दुहेरी येतात, कारण काच वरून एकदा आणि मागच्या मुलाम्यावरून पुन्हा एकदा परावर्तन करते. काळ्या पडद्यावर हा त्रास जवळजवळ नसतो. बोटांचे ठसे मात्र आधी पुसा, नाहीतर तळ्यात शेवाळ.

आता रांगेचं. दारातून समोर, पश्चिमेला, अगुंग हा ज्वालामुखी दिसतो. सकाळचं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येतं आणि डोंगर उजळतो. संध्याकाळी सूर्य डोंगराच्या बाजूला जातो आणि माणसं काळी येतात. दुपारच्या सुमारास ढग जमले की अगुंग गायब होतो आणि रांगेत काढलेल्या तासांचं चीज म्हणून नुसतं दार मिळतं. तेव्हा पहाटे पोचा आणि नंबराचं कूपन आधी घ्या. तुमची पाळी येते तेव्हा मोजक्याच पोझ मिळतात. त्या रांगेतच ठरवून ठेवल्या नाहीत तर चारही फोटोंत सगळे एकमेकांना ‘आता काय करू?’ विचारताना येतात.

प्रश्न : आई-बाबा आमच्याकडे जपानला आले असताना त्यांना नारा शहर दाखवायला नेलं. आईने हरणाला वाकून नमस्कार केला, हरणाने उलट केला. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी त्याने आईचा पदर तोंडात घेतला, आणि नेमका तोच फोटो निघाला. हरीण खरंच नमस्कार करतं का? — एक वाचक, योकोहामा

उत्तर : करतं, पण भक्तिभावाने नाही. नाराच्या बागेत हजाराहून जास्त शिका हरणं मोकळी फिरतात. मान खाली-वर केली की माणूस बिस्कीट देतो, हे ती पिढ्यान्‌पिढ्या शिकली आहेत. मात्र तीच हालचाल चिडण्याचीही खूण आहे. बिस्कीट दाखवून लांबवत राहिलं की मान जोरात हलते, पुढे कपडे ओढणं, चावा, ढुशी असा क्रम लागतो. पाच नमस्कारांत एकही बिस्कीट सुटलं नसेल तर पदर गेला यात आईंचा दोष नाही. फोटो नीट यावा म्हणून ‘आई, अजून एकदा’ म्हणणाऱ्याचा आहे.

शिका सेम्बेई नावाची ही बिस्किटं गव्हाचं पीठ आणि तांदळाचा कोंडा यांची असतात, साखर नाही. दहाचा गठ्ठा कागदी पट्टीने बांधलेला मिळतो. विकत घेतानाच हरणं बघत असतात, म्हणून गठ्ठा घेणारा आणि फोटो काढणारा वेगळे असू द्या. काढणाऱ्याने गठ्ठ्याच्या जवळपासही फिरकू नये. त्याने बाजूला तीन-चार पावलांवर उकिडवं बसावं, हरणाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि शटर दाबून धरून सलग फोटो घ्यावेत. वरून काढलेल्या फोटोत वाकलेलं हरीण गवत खाताना दिसतं. एक नमस्कार, एक बिस्कीट, लगेच. संपली की दोन्ही रिकामे तळहात दाखवा, बहुतेक हरणं निघून जातात. सप्टेंबर ते नोव्हेंबर नर माजावर असतात, मे ते जुलै माद्यांसोबत पिल्लं असतात. त्या काळात लांबूनच झूम करा. शिंगं धोक्याची ठरू नयेत म्हणून ती कापायचा सोहळा तिथे १६७२ पासून चालत आला आहे, यावरून काय ते समजा.

पदर खोचलेला, नकाशा खिशात, प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच. २०१९ मध्ये मेलेल्या एका हरणाच्या पोटातून ४.३ किलो प्लॅस्टिक निघालं होतं. शेवटचं वाक्य विनोदी नाही, पण सहलीला निघताना हेच आधी लक्षात ठेवायचं.

प्रश्न : बालीतल्याच उलुवातू मंदिरात माकडाने बाबांचा चष्मा नेला. फोटोत माकड चष्म्याची दांडी चघळतंय आणि बाबा त्याला केळं दाखवतायत. माकडाने केळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : भाव पटला नाही. उलुवातूच्या लांब शेपटीच्या माकडांचा हा धंदाच आहे : वस्तू उचलायची, खाऊ मिळेपर्यंत सोडायची नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की मोठ्या वयाची माकडं माणसाला जास्त मोलाच्या वाटणाऱ्या वस्तू निवडून पळवतात आणि त्यांच्या बदल्यात जास्त किंवा आवडीचा खाऊ मिळेपर्यंत अडून बसतात. पिल्लांना हे जमत नाही, ती हाताला लागेल ते उचलतात. वृंदावनात चष्म्याच्या बदल्यात आंब्याच्या रसाचा खोका मागणारी माकडं पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही.

चष्मा ओढू नका, मागे धावू नका. माकड वर चढलं की दांडी मोडते, कड्याकडे गेलं की चष्मा समुद्रात. तिथल्या रखवालदाराला बोलवा, सौदा त्याच्यावर सोपवा आणि त्याला थोडे पैसे द्या. आत शिरण्याआधीच चष्मा चेनच्या पिशवीत आणि फोनचा पट्टा मनगटात. चष्म्याशिवाय दिसत नसेल तर मागे दोरी बांधा. ओरखडा किंवा चावा बसला तर फोटो राहू द्या. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टर गाठा.

प्रश्न : २०२४ च्या जूनमध्ये जपानला गेलो होतो. दुकानाच्या छपरावर बसलेल्या फुजीचा तो प्रसिद्ध फोटो घ्यायचा होता. माझ्या फोटोत नुसती काळी जाळी आहे आणि तिच्यातल्या भोकातून डोकावणारा मोदकाएवढा डोंगर. — एक वाचक, पुणे

उत्तर : तारखेने घात केला. फुजिकावागुचिको या गावातल्या लॉसन या साखळी दुकानासमोर गर्दी रस्त्यात उतरायची, समोरच्या दंतवैद्यांच्या आवारात घुसायची, म्हणून नगरपालिकेने मे २०२४ मध्ये पलीकडच्या पदपथावर २.५ मीटर उंच आणि २० मीटर लांब जाळी लावली. काही दिवसांतच तिला लेन्सच्या मापाची भोकं पडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या भीतीने ती उतरवली आणि पुन्हा लावली नाही. तुमचा फोटो त्या तीन महिन्यांतलाच असू शकतो. कुणी मागितला तर देऊ नका.

मोदकाचं कारण वेगळं. ३,७७६ मीटरचा फुजी तिथून पंधरा-सोळा किलोमीटर लांब आहे. दुकानाजवळ उभं राहून ०.५ एक्सने काढलं की दुकान फुगतं आणि डोंगर आक्रसतो. उलट करायचं : पदपथावरूनच जमेल तितकं मागे जाऊन २ किंवा ३ एक्स लावायचं. दुकान पूर्वीएवढंच राहतं, डोंगर मात्र मोठा होतो. रस्त्यात उतरायचं नाही. जूनमध्ये ढगच जास्त. हिवाळ्यातली सकाळ सगळ्यांत भरवशाची.

प्रश्न : भूतानच्या सहलीचे फोटो सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवायचे ठरलंय. पुनाखाजवळच्या गावात घराघरांच्या भिंतींवर जे रंगवलेलं आहे, त्यासमोर आमच्या मंडळाचा पंधरा जणांचा ग्रुप फोटो आहे. काढताना कुणाच्या लक्षात आलं नाही. शिवाय मावशीने रॉकेट समजून भाच्यासाठी तिथली किल्लीची लाकडी साखळी आणलीय. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फोटो जरूर दाखवा, पण क्रम लावून. ते गाव चिमी ल्हाखांग या देवळाच्या वाटेवर आहे. देऊळ १४९९ चं. अचाट वागण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या द्रुक्पा कुनले (१४५५–१५२९) या साधूशी ते जोडलेलं आहे. भिंतींवर लिंग रंगवण्याची प्रथाही लोक त्याच्याशीच जोडतात. ते दाराशी रंगवतात किंवा लाकडाचं करून वळचणीला टांगतात, ते दृष्ट लागू नये, वाईट शक्ती दूर राहाव्यात म्हणून. बांधकामावर काळी बाहुली टांगणाऱ्यांना हे एका वाक्यात समजतं. मूल व्हावं म्हणून आशीर्वाद घ्यायला जोडपी त्या देवळात येतात.

तेव्हा आधी भातखाचरांतून देवळाकडे जाणारी वाट दाखवा, मग अख्खं घर दिसेल असा फोटो, मग वरचं एक वाक्य बोला आणि त्यानंतरच ग्रुप फोटो. उलट क्रमाने गेलात तर हशा थांबेपर्यंत चहा निवेल. पडद्यावर आपोआप सरकणाऱ्या स्लाइड शोला फोटोच्या मधोमध हळूहळू झूम करायची सवय असते. ती सोय बंद करा, कारण ग्रुप फोटोच्या मधोमध काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. देवळाच्या गाभाऱ्यातला फोटो कुणी काढला असेल तर तो वगळा. आत फोटो काढायला मनाई असते.

साखळीचं मावशींना सांगून टाका, पण भाच्याच्या आईसमोर नको. किल्ल्या मावशींच्याच अडकवाव्यात. घराला दृष्ट लागणार नाही.